मेंदूतली तार आणि माझा होकार

“पार्किन्सन्स आहे,” डॉक्टर म्हणाले. आमचे हे खुर्चीत एकदम पुढे सरकले. मी मात्र विचारलं, “मेंदूच्या नेमक्या कुठल्या भागात?”

डॉक्टर हसले. “टीचर आहात का?”

टीचरच आहे. कमलनगरच्या हायस्कुलात मी मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवते. दर वर्षी फळ्यावर मेंदूची आकृती काढते. त्याच फळ्याकडे बघून मागच्या बाकावरच्या मुली म्हणायला लागल्या होत्या, “टीचर, दिसत न्हाई.” माझं अक्षर ओळीच्या शेवटी जाईस्तोवर मुंगीएवढं व्हायचं. हात मांडीवर ठेवला की अंगठा आपोआप हलायचा. चालताना उजवा हात झुलायचा बंद झाला होता, फोडणीचा वासही येईना. मला वाटलं, वय झालं.

तुमच्या घरात कुणाच्या अक्षरात, चालीत असा बदल दिसला तर वयावर ढकलू नका. एवढ्यासाठीच हे सगळं सुरुवातीपासून लिहिते आहे.

उदगीरच्या त्या डॉक्टरांनी मला बोटं भराभर जुळवायला लावली, व्हरांड्यात चालवून पाहिलं, एक ओळ लिहायला लावली. एमआरआय स्वच्छ आला. या आजारात तो बहुधा स्वच्छच येतो म्हणाले. मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचं एक रसायन तयार होतं. ते बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात, आणि शरीराला “हल” हा हुकूम नीट पोचत नाही. यालाच पार्किन्सन्स म्हणतात. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

काही वर्षं राहिला. मग गोळीचा असर लवकर उतरू लागला. असर असेपर्यंत मी वर्गात उभी राहायची. उतरला की जागच्या जागी थिजायची, आणि आमचे हे खताचं दुकान बंद करून मला घ्यायला यायचे.

त्याच काळात आमच्या प्रज्ञाने सांगितलं, तिला महांतेशशी लग्न करायचं आहे. प्रज्ञा आमची एकुलती एक, गुलबर्ग्याला नर्स. महांतेश त्याच दवाखान्यात औषधं देतो. अफझलपूर तालुक्यातल्या करजगीचा, कन्नड बोलणारा, लिंगायत शेतकऱ्याचा मुलगा. आम्ही बौद्ध. माझ्या आईला गावात पाणी वरून ओतून मिळायचं, ते तिच्या तोंडून मी ऐकलेलं आहे. मुलगा चांगला होता, त्याबद्दल मला शंका नव्हती. शंका त्याच्या घरच्या उंबऱ्याची होती. प्रज्ञा फोनवर विचारायची आणि मी म्हणायची, “बघू.” दोन पावसाळे मी नुसतं “बघू” म्हणत काढले.

हैदराबादच्या डॉक्टरबाईंनी डीप ब्रेन स्टिम्युलेशन सुचवलं. म्हणजे मेंदूत खोलवर बारीक तारा बसवायच्या, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली बॅटरीची डबी ठेवायची आणि त्या जागेला सतत हलकासा करंट द्यायचा. माझ्या तारा सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात जाणार होत्या. मसुराच्या आकाराची ही पेशींची एक बारकी गाठ. मी विचारलं, ती करते काय? डॉक्टरबाई म्हणाल्या, “अम्मा, वो ब्रेक है.” हालचालीला आवर घालण्यात तिचा मोठा वाटा. पार्किन्सन्समध्ये हा ब्रेक आवळलेलाच राहतो.

ऑपरेशनच्या बऱ्याचशा वेळात मी जागी होते. डोकं चौकटीत घट्ट बसवलेलं, पण मेंदूला स्वतःला दुखत नाही हे मी मुलांना शिकवलेलं होतं. ते खरं असतं हे त्या दिवशी कळलं. “डरो नक्को, बातां करते रहो,” म्हणत डॉक्टरबाईंनी मला सातचा पाढा म्हणायला लावला. मध्येच माझा हात मोकळा झाला. अंगठा थांबला. मी पाढा विसरून हाताकडेच बघत राहिले.

टाके सुकल्यावर करंट हळूहळू वाढवत नेला. याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, त्यासाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं. शेवटच्या फेरीत मी स्वतःच हट्ट केला, अजून थोडा वाढवा. डावा पाय अजून अडखळत होता.

घरी आल्यावर मी पळायलाच लागले म्हणा ना. भाकरी थापली, विहारात वंदनेला चालत गेले. आणि आणखी एक झालं, ते मला दिसलं नाही, घरच्यांना दिसलं. लोकांचा प्रश्न संपायच्या आत मी उत्तर देऊ लागले. शाळेत कुणीतरी म्हणालं, आता आराम करा टीचर. मी तिथेच स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून हेडमास्तरांच्या हातात दिला. अक्षर छान टपोरं आलं होतं, त्याचाच आनंद. संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. तिने काही विचारायच्या आत मी म्हटलं, “कर गं लग्न. माझं व्हय आहे.”

पलीकडे ती रडायला लागली. आमचे हे दारात उभे होते. “कामून इतकी घाई करायलीस?” ते म्हणाले.

“घाई कशाची? दोन वर्षं झाली.”

“दोन वर्षांचं दोन मिनिटांत उरकायलीस म्हणून इचारलं.”

दोन दिवसांनी राजेश्वर गावाहून माझा धाकटा भाऊ मिलिंद आला. चहाला हात न लावता त्याने विचारलं, “अक्का, खरं सांग. हे तू बोलायलीस का तुझी मशीन बोलायलीय?”

मला संताप आला. पण त्याच्या मागोमाग कुतूहलही आलं, कारण प्रश्न चांगला होता. वर्गात असा प्रश्न आला असता तर मी मुलाला शाबासकी दिली असती. तो ब्रेक फक्त हातापायांचाच असतो का?

मी हैदराबादला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, लगेच या, आणि तोवर कशावरही सही नक्को.

आम्ही दोघं गेलो. त्यांच्याकडे विद्या मॅडम म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होत्या, मूळच्या बसवकल्याणच्या. असं यंत्र बसवलेली माणसं निर्णय कसा घेतात याचा त्या अभ्यास करत होत्या. मराठीत समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “टीचर, भाग घ्याल?” मी किती पटकन हो म्हणाले ते ऐकून त्या हसल्या. “हे उत्तर नको. मिस्टरांशी बोला, जेवून या, मग सांगा.” मी जेवून आले आणि पुन्हा हो म्हणाले.

पडद्यावर दोन-दोन चित्रं यायची. त्यातलं एक निवडायचं. काही चित्रं बहुतेक वेळा बरोबर ठरायची, काही क्वचित. कुठलं किती भरवशाचं ते खेळता खेळता शिकायचं. मग जोड्या बदलायच्या. एक चांगलं, एक वाईट असेल तर सोपं. दोन्ही चांगली असली की माणूस सहसा थबकतो. यंत्र चालू असताना मी थबकले नाही. अवघड जोडीलाही सोप्या जोडीइतक्याच वेगाने बटण दाबत गेले, आणि मला ते जाणवलंही नाही.

मग यंत्र बंद केलं. हळूहळू थरथर परत आली, मान आखडली. तोच खेळ पुन्हा. या वेळी दोन चांगली चित्रं समोर आली आणि मी थांबले. हा थांबा मला आतून कळला. “अजून बघ” असं कुणी म्हणावं तसा.

विद्या मॅडम म्हणाल्या, “दोन्हीकडे ओढ असली की ही गाठ मेंदूला थांबवून धरते, असं दिसतं. करंट जास्त झाला की तो थांबा लहान होत असावा. सगळ्यांच्यात होत न्हाई. आणि एका माणसाच्या एका दिवसावरून मी छातीठोक सांगणार न्हाई. पण मशीन तुमच्या तोंडात व्हय घालत न्हाई, टीचर. काय तोलायचं ते तुमच्याकडूनच येतं.”

मी म्हटलं, यंत्र चहापुरतं बंदच राहू द्या. मला वाटलं होतं, करंट नसलेली ती खरी मी, तिलाच विचारावं. आमच्या यांनी मला बशीने चहा पाजला आणि मी मनात प्रज्ञाचा प्रश्न स्वतःला विचारला. भीती जशीच्या तशी समोर उभी राहिली. तिच्या शेजारी प्रज्ञाचा चेहरा. पण मी ना इकडे सरकले ना तिकडे. पाय थिजतात तसंच मनही थिजलेलं होतं.

डॉक्टरबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मशीन बंद है तो बीमारी चालू है, अम्मा.” डोपामिन कमी असलं की मनही अडून बसू शकतं. म्हणजे दोन वर्षांच्या त्या “बघू”तही थोडा आजार असेल. किती, ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मी विचारलं, मग खरी मी कुठली? “बघू” म्हणणारी, पटकन “व्हय” म्हणणारी, का आता थिजून बसलेली? “तीनों तुमीच,” त्या म्हणाल्या, आणि करंट कमी करायला बसल्या.

डावा पाय थोडा अडखळतो आता. ती किंमत मी समजून घेतली आहे.

परत आल्यावर मी हेडमास्तरांना भेटले. अर्ज त्यांनी पुढे पाठवलाच नव्हता. “टीचर, तुम्ही हसत हसत दिला ना, म्हणून ठेवून घेतला,” म्हणाले. मी तो फाडला. प्रज्ञाला फोन करून म्हटलं, माझा होकार मला परत तपासायचा आहे, मला करजगी दाखव. “नकार देशील का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “अजून ठाऊक न्हाई.” यापेक्षा अवघड वाक्य मी तिच्याशी कधी बोलले नव्हते.

करजगीत महांतेशच्या आईने, गंगव्वांनी, मला सरळ आत चुलीपाशी नेलं. बाहेर ओट्यावर महांतेशचा काका बसला होता. जेवायला वाढलं तरी तो आत आला नाही.

मी विचारलं, “माझ्या लेकीला इथं, या चुलीपाशी बसू द्याल?”

“बसू द्याल म्हणजे?” गंगव्वा कन्नड वळणाच्या मराठीत म्हणाल्या. “अक्का, मी तिला भाकरी थापाया लावते. बसू कोण देते?”

“आणि ते बाहेर बसलेत, त्यांचं काय?”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. “ते येणार न्हाई. लग्नाला पण येणार न्हाई. मी तुला खोटं सांगत न्हाई. पण घर माझं हाय.”

मी तिथे उत्तर दिलं नाही. पुढचे किती तरी दिवस तो ओटा डोळ्यांसमोर यायचा, मग चूल यायची. भीती गेली नाही. पण या वेळी मी तिच्याभोवती फिरून बघू शकले, पळाले नाही की थिजले नाही. एका रविवारी विहारातून येताना मी यांना म्हटलं, “मला वाटतं, व्हय म्हणावं.” ते म्हणाले, “मला बी.” तेव्हा मी प्रज्ञाला फोन केला. मिलिंद लग्नात शेवटपर्यंत वाढायला उभा होता.

तुमच्यापैकी कुणाला हे यंत्र बसवायचं असेल तर जरूर बसवा. मला हात परत मिळाले, मी त्या डॉक्टरांची जन्मभर ऋणी आहे. फक्त घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, थरथरीबरोबर माझ्या घाईवरही लक्ष ठेव. आणि त्याने टोकलं तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा.

मी अजून शिकवते. परवा एका मुलीला प्रश्न विचारला, झोपेत श्वास कोण चालू ठेवतं? ती उभी राहिली आणि गप्पच. वर्गात खुसखुस सुरू झाली. मी हात टेबलावर टेकवून उभी राहिले, तिच्या कपाळावरची आठी बघत. त्या शांततेत आत केवढं काम चाललेलं असतं, याची आता मला थोडी कल्पना आहे. शेवटी तिने उत्तर दिलं. चुकलं.

“बसू नकोस,” मी म्हटलं. “परत विचार कर. मला घाई न्हाई.”