वांगी, ओवा आणि १०८

मागच्या महिन्यात सुट्टीसाठी माहेरी, जानेफळला गेले होते. सकाळी वांग्यांचा तोडा आटोपून अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतातून आले आणि थेट ओट्यावरच बसले. छातीत जड वाटतंय म्हणाले... अंगाला दरदरून घाम.

आमच्याकडे छातीत काहीही झालं तरी निदान एकच, गॅस. शेजारचे नामदेवकाका ओवा घेऊन आले, काकूंनी सोडा-लिंबू आणलं. डावा हातही दुखतोय म्हटल्यावर कुणीतरी तेलाची वाटी आणली.

मी म्हटलं, १०८ ला फोन लावते. अण्णांनी हातानेच थांबवलं. "दारात अ‍ॅम्ब्युलन्स आली का गाव रडतच येते. मले काही झालं नाई."

दुपारी आत्या जेवायला येणार होती. तिला लांबून जरी ती गाडी दिसली असती तर फाट्यावरूनच हंबरडा फोडला असता, हेही खरं. मी फोन हातात धरून नुसतीच उभी...

आता अण्णा आणि काकांविषयी थोडं. दोघांचे मळे शेजारी, दोघेही वांगी लावतात, आणि कोणाची वांगी चांगली हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा झाला. अण्णांनी आजवर एकदाही माघार घेतलेली नाही.

अण्णांना जरा हुशारी यावी म्हणून काकांनी मुद्दाम डिवचलं. "तुह्या वांग्यात यंदा नुसती कीड हाये बे."

अण्णांनी डोळे मिटले. म्हणाले, "हाव बा... तुहेच वांगे चांगले हायेत."

काकांच्या मुठीतला ओवा खाली सांडला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "लाव फोन. हे असे कधी बोलत नाईत."

लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं, त्यांना चालू देऊ नका, बसवून ठेवा म्हणाल्या. गाडी आली तेव्हा सायरन बंद करा असं अण्णा सांगत होते, ते कोणी ऐकलं नाही. गाव जमलंच, दोघी-तिघी रडल्याही... आणि फाट्यावर आत्या भेटलीच.

दवाखान्यात कळलं, हार्ट अटॅक होता. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तोवर मला घाबरायलाही सवड नव्हती, ती तेव्हा मिळाली.

अण्णांना वॉर्डात हलवल्यावर काका भेटायला आले. पेशंटला काय न्यावं ते सुचलं नसावं, त्यांनी पिशवीभर वांगी आणली होती. अण्णांनी पडल्या पडल्या एक वांगं हातात घेतलं, दाबून पाहिलं. "नुसत्या बियाच हायेत याच्यात. ढोरं खात नाईत हे."

आई हसता हसता रडायला लागली. काका खिडकीकडे वळले आणि बराच वेळ रुमालाने चष्माच पुसत राहिले.

छातीत जड, हातात कळ, अंगाला घाम असं दिसलं की ओवा शोधत बसू नका, लगेच १०८ लावा. आम्ही वांग्यांपर्यंत थांबलो, तुम्ही थांबू नका. त्या दिवशी काका डिवचायला हजर होते हे आमचं नशीब.

हल्ली आमच्या घरी काकांचीच वांगी शिजतात... अण्णा नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेतात.