अकरा जणांत सातवी

माझा शोधनिबंध छापून आला. लेखकांच्या यादीत माझं नाव अकरा जणांत सातवं. आईने ही बातमी चिंचवडच्या आमच्या सोसायटीत अशी काही पसरवली, की शेजारच्या भाऊंनी थेट चौकात फ्लेक्सच लावला. भाऊ चाकणला कंपनीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वेळात लोकांचे फ्लेक्स लावतात.

फ्लेक्सवर साडीतली मी, शेजारी लिहिलेलं, 'कर्करोगावर औषध शोधणाऱ्या आपल्या लाडक्या ताई'. खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नव्हते. एकाने तर गॉगल लावला होता.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ, औषध कुणी शोधलं? मी उंदराच्या पेशी बघते! आणि ह्या चौदा जणांनी नेमकं काय केलंय?"

"काहीच नाही, ताई," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण फोटो टाकला नाही तर रुसतात."

त्या शोधनिबंधासाठी मी एवढंच केलं होतं, की दुसऱ्या लॅबचे नमुने महिनाभर आमच्या फ्रीजरमध्ये ठेवू दिले होते. आणि पहिल्या मसुद्यात माझं नाव दिसलं नाही, तेव्हा आठवडाभर त्या लॅबवाल्यांचा फोन उचलला नव्हता.