यूना मॅथसन आणि कोरी तबकडी

"एकदा ऐकलेलं ऐकलेलं नसतं," यूना मॅथसन येताजाता म्हणायची. उल्लापूलच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं द्यायची ती. स्टॉर्नोवेला निघालेल्या उतारूलाही तेच सांगायची, मग तो बिचारा बोट सुटायची वेळ का विचारत असेना.

दिवसा तिकिटं, संध्याकाळी गाण्यांच्या तबकड्या. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दारात न जाता आपली गाणी आपणच काढणारी पोरं आमच्या स्कॉटलंडात मेंढ्यांसारखी पसरलेली आहेत. त्यांची नवी तबकडी यूनाच्या दाराशी यायची आणि ती इन्व्हर्नेसच्या एका मासिकात तिच्यावर लिहायची. गोडगोड लिहायची नाही, आणि लिहिलेलं कधी मागे घ्यायची नाही. तिच्या एका शब्दावर दूरदूरचे लोक तबकडी मागवायचे, ते याचसाठी.

ऐकताना ती बसत नसे. माझं कुरण तिच्या कुंपणाला लागून, त्यामुळे मला सगळं दिसायचं. चुलीपासून खिडकी, खिडकीपासून दार, हातात निवलेला चहा. तबकडी संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा तीच येरझार.

"बस की गं घटकाभर," मी म्हणायचो.

"बसले की कान झोपतात, टॉरमॉड. तू मेंढ्यांकडे बघ."

तर एका वसंतात आमच्याच गावच्या पोरांनी पहिली तबकडी काढली. जथ्याचं नाव 'कोल्ड केटल'. गाणारा सोर्ली मॅक्रे खाडीतल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला होता. तबकडी कारखान्यातून नुकतीच आलेली, पांढऱ्या पाकिटात, मधला गोल कागद कोरा. यूनानं ती आठवडाभर ऐकली. मग मासिकात आलं : 'धुक्यातून हळूहळू येणाऱ्या बोटीसारखी ही गाणी आहेत. एवढं संथ गायची हिंमत आज कोणात आहे?' सोर्लीचा आवाज बापासारखा खर्जात उतरलाय, असंही होतं.

गावानं ते पान कापून शोअर स्ट्रीटवरच्या प्रत्येक दुकानाच्या काचेवर चिकटवलं. ग्लासगोच्या एका मोठ्या सभागृहानं ते वाचून पोरांना गायला बोलावलं.

ग्लासगोला जाण्याआधी एका शनिवारी दुपारी पोरं गावच्या हॉलमध्ये वाजवणार होती. यूना मागे चहाच्या पिंपापाशी उभी, मी बाजूला ओटकेक खात. पहिली दोन गाणी संथच झाली, पण पोरांचे खांदे अवघडलेले. तिसऱ्याला ढोलवाल्या पोरीला राहवलं नाही. तिनं वेग धरला आणि बाकीचे तिच्यामागे उधळले. सोर्लीचा आवाज पातळ, धारदार, वर चढणारा. हॉल नाचायला लागला.

यूनाचा चमचा कपात थांबला.

"टॉरमॉड," ती हळूच म्हणाली, "मी चुकीच्या वेगानं ऐकली."

मोठी तबकडी मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगावर लावायची, असं आम्ही सगळेच धरून चालतो. या पोरांनी आवाज भरदार यावा म्हणून ती पंचेचाळीसची करून घेतली होती; तेहेतीसवर लावली की गाणं संथ होणार आणि गळा खर्जात उतरणार. कोऱ्या कागदावर ते कोण लिहिणार?

गाणी संपल्यावर तिनं सोर्लीला दाराशी गाठलं.

"तुला माहीत होतं?"

तो बुटांकडे बघत राहिला. "वाचलं त्याच दिवशी कळलं, मावशी."

"आणि गप्प बसलास?"

"ग्लासगोवाले तुझ्या लिहिण्यावर बोलावतायत. आम्ही संथ वाजवायला शिकतोय ना."

"जमतंय का?"

"नाही. ढोल वाजवणारी रडते. पण तू काही बोलू नकोस गं. तू मागे घेतलंस तर ते आम्हाला कशाला बोलावतील? जन्मभर मासेच मोजायचे का मी?"

"अरे, मी ज्या तबकडीवर लिहिलं ती कोणी केलेलीच नाही," यूना म्हणाली आणि कोट न घालताच पावसात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिनं तबकडी पंचेचाळीसवर लावली. कुंपणापलीकडून मला तिची सावली दिसत होती, चुलीपासून खिडकी, खिडकीपासून दार. एकदा ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, बाहेर गेली असेल.

सोमवारी सकाळी ती हातात कागदांचा गठ्ठा घेऊन शोअर स्ट्रीटवर आली आणि प्रत्येक काचेवर जुन्या पानाखाली नवा कागद चिकटवत गेली. बेकरीपाशी सोर्ली आडवा आला, तोंड काळवंडलेलं.

"घातलास ना घाव?"

"वाच आधी. मासिकालाही हेच पाठवलंय."

त्यानं वाचलं, मीही त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'मी ही तबकडी चुकीच्या वेगानं ऐकली. माझं आधीचं लिहिणं रद्द. खऱ्या वेगात पहिली दोन गाणी कच्ची आहेत, चौथं लांबलंय. शेवटच्या गाण्याला मी खाली बसले.'

सोर्लीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, यूना ऐकताना कधीच बसत नाही.

"खरंच बसलीस?" त्यानं विचारलं.

"ग्लासगोवाले काय करतील ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "बोलावलंच, तर तुमच्या वेगानं वाजवा. बाजूला हो, बोट आलीय."

ती धक्क्याकडे चालू लागली, भराभर, नेहमीसारखी, उरलेले कागद काखेत दाबून. सोर्ली बेकरीच्या दारात उभा राहून ती तिकीटघरात शिरेपर्यंत बघत होता, आणि त्याची बोटं मांडीवर ताल धरत होती, पंचेचाळीसचा.