फोन दुकानात होता

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचतो. राग मानू नका. आमच्या घरात हे खूळ कधी नव्हतंच. आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून देवऋषी, अंगारा, उतारा सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. लहानपणी कुणी म्हणालं की जनवाड्याच्या त्या चिंचेखाली काहीतरी दिसतं, तर वडील मला मुद्दाम तिथंच पुस्तक घेऊन बसवायचे. दिसलं काय, तर मुंगळे.

त्यात माझा धंदा असा. बिदरला माझं कार ॲक्सेसरीजचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, मागचा कॅमेरा हे आहेच, पण मुख्य काम डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं. मोबाईल स्क्रीनला जोडून द्यायचा, म्हणजे मॅप, गाणी, फोन सगळं समोर. हे जोडणं किती भरवशाचं आहे ते मला विचारा! आज जोडलं जातं, उद्या नाही. फोनला अपडेट आलं की स्क्रीन त्याला ओळख देत नाही. भालकीच्या एका गिऱ्हाइकाने वैतागून स्क्रीनखाली लिंबू-मिरची बांधली होती. मी ती सोडून टाकली आणि यूएसबीच्या भोकात अडकलेला शेंगदाण्याच्या टरफलाचा तुकडा चिमट्याने काढून त्याच्या हातावर ठेवला. माणूस दोन दिवस तोंड दाखवेना. तर असा मी. प्रत्येक भुताच्या मागे एक सैल वायर असते, असं ठणकावून सांगणारा.

आता बसूअण्णांबद्दल सांगतो, कारण त्यांच्याशिवाय हे सगळं कळायचं नाही.

बसूअण्णा मूळचे औरादचे. घरात कन्नड, बाहेर आमच्यासारखीच मराठी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. वायरिंग मला त्यांनीच शिकवलं. दुकान आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं, फक्त लायसन आणि पाटी माझ्या नावाची, कारण अण्णांना ऑफिसांच्या पायऱ्या चढायचा कंटाळा. 'तुझं नाव लाव, मला काय फरक पडतोय,' म्हणाले. बारा वर्षं तसंच चाललं. लोक आम्हाला भाऊच समजायचे.

आमची कामाची एक पद्धत होती. स्क्रीन बसवून झाली की मी माझा फोन तिला जोडायचो, काचा वर करून गाडीत बसायचो आणि स्क्रीनवरून अण्णांना कॉल लावायचो. अण्णा रस्त्यापलीकडे जाऊन तो उचलायचे. उचलल्यावर बोलायचे मात्र नाहीत. एक शब्द नाही. मी गाडीत काहीबाही बडबडायचो — 'आज डब्यात वांगी आहेत, काल लाईट गेली होती' — आणि ते कानाला फोन लावून ऐकत राहायचे. माईक खरखरतो का, आवाज घुमतो का, फॅनचा आवाज मध्ये येतो का. पुरतं ऐकून झालं की कॉल कापून परत येऊन सांगायचे. असे किती कॉल झाले असतील, मोजदाद नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीतली स्क्रीन अण्णांनीच बसवली. फोन खिशात घेऊन गाडीत बसलं की ती आपोआप जोडली जाते, वायर लागत नाही.

गेल्या वर्षीच्या तुरीच्या राशी चालू होत्या, त्या दिवसांतली गोष्ट. रविवार होता. मी आणि बायको संगीता तिच्या माहेरी चिंताकीला निघालो होतो. जाता जाता दुकानात अर्धा तास थांबलो, एका माणसाचं अडलेलं काम होतं. फोन तिथं काउंटरवर चार्जिंगला लावला आणि तसाच विसरलो. जनवाडा गेल्यावर लक्षात आलं. म्हटलं, जाऊ दे, अण्णा दुकानात आहेत.

दिवसभर चिंताकीला राहिलो, संध्याकाळी पाच-सव्वापाचला परत निघालो. लख्ख उजेड होता. गाडीत आम्ही दोघंच. संगीताचा फोन तिच्या पर्समध्ये, बॅटरी संपून बंद. पेनड्राइव्हवर गाणी चालू होती.

वाटेतलं संतपूर सोडलं आणि गाणं थांबलं.

फोन आल्यावर जसं थांबतं, तसं. मी स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यात माझ्या फोनचं नाव आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका. म्हणजे फोन जोडलेला! मी हसलो. संगीताला म्हणालोसुद्धा, 'बघ, स्क्रीन हँग झाली. फोन बिदरला आणि ही म्हणायली जोडलाय.' दोन-तीनदा टिचकी मारली, काही झालं नाही. सोडून दिलं. मग गाणं नाही म्हटल्यावर आम्ही बोलत बसलो.

काय बोललो ते लिहायला मला लाज वाटते. पण ते वगळून हे लिहिण्यात अर्थ नाही.

मी उदगीर रोडला नव्या दुकानासाठी जागा पाहून ठेवली होती. नवं दुकान मी आणि माझा मेहुणा मिळून टाकणार, जुनं बंद करणार. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. मेहुण्यालाही मी त्याच दिवशी चिंताकीला पहिल्यांदा विचारलं होतं. संगीता म्हणाली, 'अवो, अण्णाला सांगितलाव का?'

मी म्हणालो, 'त्याला कामून सांगायचं? त्यो काय भागीदार हाय? पाटीवर नाव कुणाचं हाय? कामाला ठेवल्यालं माणूस हाय. जागा झाल्यावर कळंल आपुआप.'

 संगीताने विषय बदलला. नव्या दुकानाची पाटी कन्नडमध्ये मोठी आणि मराठीत खाली, की दोन्ही सारख्या अक्षरांत, यावर आम्ही बोललो. मांजरा नदीचा पूल ओलांडला आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथून परत सुरू झालं.

सोमवारी अण्णांनी फोन माझ्या हातात दिला. 'विसरला होतास,' एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचं बोलणं कमी झालं. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. गुरुवारी ते एका गाडीखाली उताणे पडून वायर ओढत होते, तिथूनच, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, 'नवी पाटी सारख्या अक्षरात करायलास, का मराठी खाली?'

मी स्क्रूड्रायव्हर ठेवून सरळ बाहेर रस्त्यावर आलो.

पाटीचं बोलणं फक्त गाडीत झालं होतं. मेहुण्यालाही माहीत नव्हतं. रात्री मी संगीताला दहा वेळा विचारलं, तू कुणाजवळ बोललीस का? ती चिडून रडायला लागली. मग माझं डोकं सरळ एकाच दिशेला गेलं. स्क्रीन कुणी बसवली? अण्णांनी. माईक कुणी बसवला? अण्णांनी. म्हणजे या माणसाने माझ्या गाडीत काहीतरी लपवलंय... आणि किती दिवसांपासून? मी आणि बायको गाडीत काय काय बोललो असू! बारा वर्षांतल्या साध्या साध्या गोष्टी मला वाकड्या दिसायला लागल्या. माझ्या गाडीची चावी ते हक्काने घ्यायचे, ती कशासाठी? सर्व्हिसिंग स्वतः करून देतो म्हणायचे, ते का?

शुक्रवारी अण्णा जेवायला गेले तेव्हा मी गाडीचा अख्खा डॅशबोर्ड उघडला. स्क्रीन बाहेर काढली, वायर न वायर तपासली. काही नाही. स्क्रीनला सिमची खाच होती, ती रिकामी आणि धुळीने भरलेली. एकच माईक, कंपनीचा, अण्णांच्या नेहमीच्या नीटस हाताने टेप गुंडाळलेला. काही सापडलं नाही म्हटल्यावर माझा संशय गेला का? उलट वाढला. म्हटलं, मला कळू नये इतक्या सफाईने केलंय. शेवटी शिकवणारे तेच.

शनिवारी दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना मी म्हणालो, 'अण्णा, माझ्या गाडीत माईक बसवून माझं घरातलं ऐकायलाव का?'

अण्णांनी हात पुसले. गिऱ्हाइकांना म्हणाले, 'थोडं चहा पिऊन या बरं.' ते गेल्यावर त्यांनी स्वतःचा फोन उघडून माझ्यासमोर धरला. रविवार, पाच वाजून बावन्न मिनिटं. माझ्या नावाने आलेला कॉल. अकरा मिनिटं.

'तुझा फोन हितं काउंटरवर होता,' अण्णा म्हणाले. 'माझ्या हातापासून वीतभर. माझा फोन वाजला, वर तुझं नाव. मी तुझ्या फोनकडं बगितलं, काळा पडल्याला. उचलला मी. गाडीचा आवाज यायला लागला. सवयीनं गप ऱ्हायलो. मला वाटलं, तू टेस्टिंग करायलास.'

'मग कापायचं न्हाई का?'

'माझं नाव निघालं रे. माझं नाव ऐकल्यावर कसं कापू?'

आणि मग त्यांनी संगीताचा प्रश्न आणि माझं उत्तर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. आवाज न चढवता. मग पाटीचंही सांगितलं.

 आणि माझ्या तोंडातून काय निघालं? 'हा नंबर बघू द्या.' मला वाटलं, दुसराच कुठला तरी नंबर माझ्या नावाने सेव्ह केला असेल. पाहिला. माझाच होता. माझ्या फोनमध्ये तो कॉल नव्हता. मी तिथूनच मोबाईल कंपनीच्या सेंटरला गेलो, रेकॉर्ड काढायला लावलं. माझ्या नंबरवरून त्या दिवशी सकाळनंतर एकही कॉल गेलेला नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, 'सर, तुम्हाला नेमकं काय हवंय?' मला तरी कुठं माहीत होतं?

पुढच्या आठवड्यात अण्णा गेले. भांडण नाही, काही नाही. मी अडवलं तर म्हणाले, 'आता तू माझ्याकडं बगायलास की मला माझेच हात चोराचे वाटायलेत.' औरादला बसस्टँडजवळ त्यांनी स्वतःचं छोटं दुकान टाकलं. उदगीर रोडची जागा मी सोडून दिली. मेहुणा अजून नीट बोलत नाही.

मी मात्र त्या स्क्रीनच्या मागे लागलो. फोन दुकानात ठेवून त्याच रस्त्याने, त्याच वेळेला सात-आठ वेळा जाऊन आलो. संगीताचा फोन कधी चालू ठेवून, कधी बंद. संतपूर येतं, मांजरेचा पूल येतो, गाणं चालूच राहतं. हैदराबादच्या एका इंजिनिअरला सगळं सांगितलं, तो म्हणाला ब्लूटूथ दहा मीटर जातं, फार तर वीस. तुमचा फोन किती लांब होता? मी म्हणालो, पंचवीस किलोमीटर. त्याने विषयच बदलला.

दोन महिन्यांपूर्वी ती स्क्रीन पिशवीत घालून मी औरादला अण्णांकडे गेलो. त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला. मी सगळं मांडलं. खाच रिकामी, रेकॉर्ड कोरं, अंतर एवढं. चांगला तासभर बोललो. म्हणालो, 'अण्णा, तुम्हीच बगा आता. ह्यो कॉल आला कसा?'

अण्णांनी स्क्रीन हातात घेतली, उलटीपालटी केली आणि परत पिशवीत ठेवली.

'कॉल कसा आला ते तू शोध, मिलिंद,' म्हणाले. 'बोललं कोण, ते मला म्हाईत हाय. मला तेवढं बास हाय.'

चहा पिऊन मी निघालो. संतपूरजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं, की तासभरात मी ब्लूटूथबद्दल बोललो, सिमबद्दल बोललो, टॉवरबद्दल बोललो... 'अण्णा, चुकलं माझं' एवढं एक वाक्य म्हणालो नाही. गाडी कडेला घेतली. परत औरादला जायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असती. दुकान उघडंच असणार होतं.

त्या कॉलचा उलगडा आजतागायत झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी सगळं वाचतो. पण त्या दिवशी दहा मिनिटं तिथं थांबून मी गाडी बिदरकडेच का घातली, ते मला कुणी विचारू नका.