बाबांच्या डोक्यावरचं चुंबक

"तुझ्या बाबाला मारलं गं कुणीतरी," आई फोनवर म्हणाली.

मी नांदेडला बँकेत, समोर ग्राहक उभा. "कुणी? कुठं?"

"कुठं म्हणजे? मोबाइलात. सकाळपासून मरून राहिलेत अन् उठून राहिलेत. जेवायला चला म्हणलं तर म्हणतात, थांब, आत्ताच जिता झालोय."

बाबा चाकूरला गणिताचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर कुणीतरी त्यांच्या फोनमध्ये बंदुकीचा खेळ टाकून दिला आणि बाबा त्यात पार बुडाले. हेडफोन लावून "मागून आला, हाण त्याला!" असं ओरडायचे. पहिल्यांदा तर शेजारी काठ्या घेऊन धावले. आम्हीही हसण्यावारी नेलं. पण हळूहळू झोप उडाली, शुगरच्या गोळ्या राहू लागल्या. फोन काढून घेतला तर बाबा अंगावर यायचे, आणि असे ते कधीच नव्हते.

मग मुरुडला नात्यातलं लग्न निघालं. आमच्यातली बौद्ध पद्धतीची लग्नं बाबाच लावायचे. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत उभे, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि बाबा गायब. शेवटी वऱ्हाडाच्या जीपमध्ये खेळताना सापडले. घाईनं आले, हात जोडले. वंदनेसाठी मांडव शांत झाला आणि त्यांच्या खिशातून धाडधाड गोळीबार सुरू झाला. पोरं खिदळली. बाबांनी लग्न लावलं, पण घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

"सुटंना गेलंय गं मला," ते म्हणाले.

लातूरच्या मनोविकार डॉक्टर बाईंकडं गेलो. काही महिने नुसतं बोलणं झालं. थोडा फरक पडला, पण पुन्हा घसरले. तेव्हा बाईंनी मेंदूला उत्तेजना देणाऱ्या मशीनचं सुचवलं.

"शॉक न्हाई घ्यायचा मला," बाबा उठूनच उभे राहिले.

"शॉक नाही काका, चुंबक आहे. बाहेरून डोक्यावर धरतात, तुम्ही जागेच असता. नैराश्यासाठी वापरतात हे. खेळाच्या व्यसनावर अजून अभ्यास चालू आहेत, त्यामुळं हमी देत नाही."

"म्हणजे मी उंदीर?"

"उंदराला आम्ही चहा विचारत नाही."

बाबा बसले. बाईंनी आधी फिट येते का विचारलं, मग डोक्यात एखादी पट्टी, स्क्रू, काही धातू आहे का विचारलं.

"धातू न्हाई," आई म्हणाली, "दगड हाय."

पहिल्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले. किती जोर लावायचा ते ठरवायला त्यांनी चुंबकाचं वेटोळं डोक्यावर सरकवत नेलं, आणि एका जागी बाबांचा अंगठा आपोआप टुणकन उडाला. बाबा डोळे विस्फारून त्याच्याकडं बघत राहिले. "ह्योच तो," म्हणाले, "गोळी झाडणारा." मग वेटोळं कपाळाजवळ आणलं आणि सुतार पक्ष्यासारखी टकटक सुरू झाली. कानात बोळे घालून बाबा असे ताठ बसले होते, जणू शाळेत तपासणी आलीय.

त्यानंतर रोज आई-बाबा दोघं एसटीनं लातूरला जायचे. फोन घरी ठेवायचा, असं बाईंनी बजावलेलं. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं आणि वाटेत दोघं भांडायचे. मग भांडण संपून बोलणं सुरू झालं. एका संध्याकाळी बाबांनी स्वतः मला फोन केला. "खेळावं वाटून राहिलंय. पण न्हाई खेळलं तरी चालंल, असंबी वाटून राहिलंय. हे दुसरं लई दिवसांनी वाटलं."

शेवटच्या दिवशी बाबांनी बाईंना विचारलं, "हे मशीननं झालं, का बोलण्यानं, का हिच्यासंगं रोज एसटीत बसल्यानं?"

"खरं सांगू काका? मला ठाऊक नाही. आणि जपून राहा, घसरण पुन्हा होऊ शकते."

परतीच्या वाटेवर बाबा कुरकुरत होते. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर उत्तर कशानं आलं, हे काढायचं कसं?

"उत्तर बरोबर आलं न्हवं?" आई म्हणाली. "मग रीत कशाला विचारून राहिलात?"

रीत दाखवली नाही म्हणून जन्मभर पोरांचे मार्क कापणारा माणूस चाकूर येईपर्यंत गप्प बसला.