न वाचता वाचण्याची शिकवणी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या दहा वर्षांच्या मुलीविरुद्ध शाळेची तक्रार आली होती. तक्रार अशी की ती वाचते.

पत्रात ते अर्थातच गोड भाषेत होतं. ती उतारा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत जाते, शीर्षकं, ठळक अक्षरं, चित्राखालच्या ओळी यांचा 'उपयोग करून घेत नाही', त्यामुळे प्रश्नांपर्यंत पोचायच्या आत तिचा वेळ संपतो. दीड महिन्याने पुन्हा चाचणी. तेव्हाही असंच झालं तर तिला वर्गातून काढून रोज तासभर मदतीच्या गटात बसवणार.

नागपूरहून अमेरिकेत, शॉमबर्गला येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, पत्र घेऊन वर आल्या.

"तिकडे पोट्टे वाचत नाहीत म्हणून बोंब. इकडे ही वाचते तर पत्र पाठवून राहिले! मदतीचा गट म्हणजे ढ पोरांचाच ना गं? हिच्या बाबांना काय सांगू मी?"

मी पेटलेच. अन्याय दिसला की मला आधी घाम येतो आणि मग मथळा सुचतो. 'वाचणाऱ्या मुलीला शिक्षा!' सुचलासुद्धा. पण वहिनींना मथळा नको होता, शिकवणी हवी होती. आणि खरं सांगायचं तर त्या कामाला माझ्याइतकं लायक माणूस अख्ख्या इलिनॉयमध्ये नसेल. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायला शिकले, इथे हीटर बंद पडलेल्या भाडेकरूंसाठी तेच करते. पत्रकाला वाचक नसतो. असतो तो चुरगळायला निघालेला हात. तो हात अर्धा क्षण थांबावा म्हणून शीर्षक, तरीही सुटलाच तर ठळक अक्षरं, तरीही नाहीच तर चौकट. जो वाचणार नाही त्याच्यासाठी लिहायचं, हा माझा धंदा. शाळेला दहा वर्षांच्या मुलीकडून नेमका तोच हात हवा होता.

शिकवणी बिल्डिंगच्या लॉन्ड्री रूममध्ये चालायची, कारण तिथे ऊब होती आणि वहिनींचे कपडे व्हायचे. पहिला उतारा बीव्हर नावाच्या प्राण्यावर. मुलीने नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"थांब," मी म्हटलं. "आधी प्रश्न बघ."

"पण ताई, गोष्ट आधी आहे ना?"

"गोष्ट नाही ती, माहिती आहे. प्रश्न काय? बीव्हर धरण कशाने बांधतो? आता उपशीर्षकं बघ. 'धरणाची बांधणी'. त्याखाली ठळक शब्द कुठला?"

"फांद्या."

"झालं! पुढचा प्रश्न."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला दुकानातून काहीतरी उचलायला सांगितलं होतं. "पण बीव्हरचं पुढे काय झालं?"

"बीव्हरचं काही होत नाही. बीव्हर चाचणीत असतो."

मग अलंकार. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, सगळ्यांच्या इंग्रजी व्याख्या तिने दोन दिवसांत पाठ केल्या. पाठांतराला आपली मुलं कुठे हरतात? एका उताऱ्यात वाक्य होतं, 'रिकामं घर हिवाळाभर वाट पाहत राहिलं.' चार पर्याय, अलंकार ओळखा. ती पेन्सिल चावत बसली.

"चेतनगुणोक्ती, पर्सॉनिफिकेशन," मी म्हटलं. "घराला माणसासारखं केलंय. गोल काळा कर."

"ते कळलं मला. पण कोणाची वाट?"

"ते विचारलेलं नाही."

हे वाक्य मी बोलले. मोर्चात 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' म्हणून घसा बसवून घेणारी मी.

पण पद्धत लागू पडली, का नाही पडणार? पाचव्या आठवड्यात ती अख्खा उतारा न वाचता दहापैकी नऊ बरोबर आणायला लागली. खाली मान, वर मान, गोल काळा. मला माझाच अभिमान वाटला.

चाचणी झाली आणि शाळेने बोलावलं. मी सज्ज होते. दोन पानी निवेदन, पाच ठळक मुद्दे, शेवटी मागणी. वहिनी, मुलगी आणि मी त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. तिच्या वर्गाच्या बाईंनी शीर्षक तेवढं वाचलं आणि निवेदन बाजूला ठेवलं. पद्धतशीर काम.

"याची गरज नाही," त्या हसून म्हणाल्या. "तिची प्रगती विलक्षण आहे. ती वर्गातच राहणार."

मी वहिनींना मराठीत सांगितलं. त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

तेवढ्यात मुलगी इंग्रजीत बोलली. "मी त्या दुसऱ्या खोलीत जाऊ शकते का? प्लीज?"

"कुठल्या?" बाईंनी विचारलं.

"मदतीच्या गटाच्या. ते पुस्तक वाचतात. पूर्ण. त्यांच्या मॅडम मोठ्याने वाचून दाखवतात. पाणी प्यायला जाताना मी दाराशी थांबते. त्यांचा कुत्रा नदीत पडलाय."

बाईंचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हत्या त्या, त्याचंच तर दुःख. वर्गात पूर्ण पुस्तकाला वेळच मिळत नाही, त्या म्हणाल्या, चाचण्यांचे उतारेच संपत नाहीत. त्या खोलीत तेवढी सवड आहे. पण तिथे फक्त कमी गुणांची मुलं घेता येतात. हिचे गुण आता फार जास्त आहेत. हे सगळं मी वहिनींना मराठीत सांगितलं.

म्हणजे अख्ख्या शाळेत जिथे वाचन चालतं अशी एकच खोली होती, आणि त्या खोलीपासून मुलीला वाचवायला मी दीड महिना जिवाचं रान केलं होतं. यशस्वीपणे.

"ताई," मुलगी मराठीत हळूच म्हणाली, "मग पुढच्या वेळी चुका करू? शिकवशील?"

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "त्यांना विचार, त्या कुत्र्याच्या पुस्तकाचं नाव काय म्हणून."

बाईंनी ते माझ्याच निवेदनाच्या पाठीवर लिहून दिलं. निवेदनाचा एवढा उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

त्याच संध्याकाळी आम्ही लायब्ररीतून पुस्तक घेतलं. गाडीत वहिनी पुढे बसल्या, मुलगी मागे. कुत्र्याचं पान शोधून काढेल असं मला वाटलं होतं. तिने मुखपृष्ठ उलटलं आणि प्रकाशकाच्या पत्त्यापासून सुरुवात केली. पार्किंगमध्ये बर्फ भुरभुरत होता, मी काच पुसत होते. पुढचे चार दिवस ती जेवताना, जिन्यात, कपड्यांच्या ढिगावर ते पुस्तक वाचत होती. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"काय गं, काय समजलं आतापर्यंत? मुख्य कल्पना काय?"

तिने मान वर केली नाही. "थांब ना ताई. कुत्रा अजून पाण्यात आहे."