डोळ्यांची आखणी
रंग जळल्याचा वास आला की मला आमचं बालीगंजचं बिऱ्हाड आठवतं. बाबांनी घरीच गणपती घडवला होता, पण ‘आज हात कापतोय, उद्या करू’ म्हणत डोळ्यांची आखणी आठवडाभर टाळली होती. चतुर्थीच्या आदल्या दुपारी खाली जमावाने ट्राम पेटवली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. छातीतून रक्त उसळत असलेल्या एका माणसाला बाबांनी जिन्यात ओढून घेतलं. तो त्यांच्या मांडीवरच गेला. उघडे राहिलेले डोळे बाबांनी हाताने मिटले. आई म्हणाली, “आज राहू द्या.” “उद्या म्हणून आता काही ठेवायचं नाही,” म्हणत आंघोळ करून ते मूर्तीसमोर बसले. हात कापला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीला आलेले म्हणाले, नजर जरा उग्र झालीय. मला मात्र आजही गणपतीचे शांत डोळे खोटे वाटतात.